दक्षिणेचा माथा

दार घारूच्या बायकोनं उघडलं. बाहेर साहेब जिन्याच्या कठड्याला धरून दम खात उभे होते. बगलेत कागदाची गुंडाळी होती.

“अहो, तुमचे साहेब आलेत,” ती आत वळून म्हणाली आणि बाजूला झाली. ‘या’ म्हणाली नाही.

घारू शर्टाची बटणं लावत पुढं आला. मोजणीच्या तुकडीत त्याची घारीसारखी नजर बघूनच हे नाव पडलं होतं. साहेब त्याच्या घरी आजवर कधी आले नव्हते. दोघंही निवृत्त झाल्यावर तर रस्त्यातसुद्धा गाठ पडली नव्हती.

“बसा ना साहेब. निरोप धाडला असता तर मीच आलो असतो.”

“नाही, मीच यायला हवं होतं.” साहेबांनी टेबलावरची वर्तमानपत्रं सरकवून कागद पसरला. “डोंगरांची नवी यादी निघालीय. विमानातून लेसर सोडून सगळे माथे पुन्हा मोजले. बोटभर फरकसुद्धा सुटत नाही म्हणे त्यातून. हे बघ, आपला दोन माथ्यांचा.”

घारू वाकला. उत्तरेच्या माथ्यावर मोजणीचा खांब होता. त्याच्या सिमेंटची निम्मी पोती घारूच्याच पाठीवरून वर गेली होती. त्या माथ्यापुढं आता ‘उपशिखर’ छापलं होतं. ‘मुख्य शिखर’ हा मान दक्षिणेच्या माथ्याला गेला होता. त्याच्यावर नुसतं गवत होतं. फरक एक्केचाळीस सेंटिमीटरचा.

“हातभर,” घारू म्हणाला.

“तू तेव्हा हेच म्हणाला होतास.”

“म्हणालो होतो खरा. वहीत लिहिलंही होतं.” तो हसला. “तुम्ही लाल शाईनं काट मारलीत.”

“आणि वर शेरा मारला,” बायको मागून म्हणाली. “‘नजर अधू. यंत्र हाताळण्यास अपात्र.’ पाठ आहे मला. त्यानंतर एकोणीस वर्षं गोदामात फायली रचल्या यांनी.”

“अगं, राहू दे आता.”

“का राहू दे? शेरा हातात पडला त्याच आठवड्यात स्कूटर काढून टाकली. पोरीला मागं बसवून कुठं धडकलो तर, म्हणे. डॉक्टर सांगून थकले, डोळे ठणठणीत आहेत म्हणून. यांचं आपलं एकच. साहेबांना दिसलं नाही ते मला दिसलं, म्हणजे खोट माझ्यातच. पोर दहा वर्षं शाळेत पायी गेली, उन्हातान्हात.”

साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. घारूलाच त्यांची दया आली.

“साहेबांचा काय दोष त्यात? तेव्हाची यंत्रंच तसली. एवढा फरक कुणाला कळणार होता? माझाही अंदाजच, लागला एवढंच. आणि साहेब तीन मजले चढून सांगायला आले. दुसरा कुणी आला असता का?”

साहेब येताना वाटेत नेमकं हेच वाक्य घोळवत आले होते. यंत्रं जुनी होती. आता ते घारूनंच आयतं हातात दिलं होतं. नुसतं ‘हो ना’ म्हणायचं आणि जिना उतरायचा.

“यंत्र चांगलं होतं,” साहेब म्हणाले.

घारूनं कागदावरून मान वर केली.

“तुम्ही वहीत लिहिलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाणी आणायला खाली झऱ्यावर गेला होतात. तेव्हा मी यंत्र घेऊन दक्षिणेच्या माथ्यावर गेलो. एकटाच. समोरच्या खांबावर रोखलं. खांबाची उंची माहीत होती, गणित केलं. हातभरच आलं. तुमचाच आकडा.”

साहेबांनी घारूला आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. ते फक्त बायकोच्या लक्षात आलं.

घारूनं तुकडीत विचारायचा तसंच विचारलं, “यंत्रातला पातळीचा बुडबुडा मधोमध होता?”

“होता.”

“दोनदा वाचलंत?”

“तीनदा.”

“मग?”

“नकाशा छापायला गेला होता. खांब माझ्या सहीनं उभा राहिला होता. वरच्यांना काय तोंड दाखवणार होतो? आणि तुमच्या वहीत ते लिहिलेलं. उद्या कुणी वाचलं असतं, तर...” साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही. “मी लिहितो कार्यालयाला. सगळं लिहितो. तुमचं नाव—”

“नको.”

“निदान शेरा तरी—”

“नको साहेब.”

घारू उठून खिडकीशी गेला. रस्त्यापलीकडं छपरांच्या वर दुकानांच्या पाट्या दिसत होत्या. त्यानं डावा डोळा तळहातानं झाकला.

“शिलाई मशीन दुरुस्ती,” तो मोठ्यानं वाचू लागला. “दुसरा मजला. नऊ ते सहा.”

मग त्यानं उजवा डोळा झाकला आणि पुन्हा सगळं वाचलं.

बायको त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. साहेब अजून बसलेलेच होते. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

“त्याच्या खाली बारीक काय लिहिलंय हो?” तिनं विचारलं.

“सोमवारी बंद.”

“आणि त्याच्या पलीकडं, त्या निळ्या पाटीवर?”

तो वाचत गेला. तिला चष्म्यातूनही नुसता निळा रंग दिसत होता.