पुस्तकातली खूण

गजराबाईचं पत्र रामलिंग अण्णांनी चार महिने पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. पान उलटलं, की पत्र पुढं सरकायचं. उत्तर तेवढं लिहून झालं नव्हतं.

"भट्टीपुढं वीस वर्सं खवा घोटला," तिनं लिहिलं होतं. "डॉक्टरनं इचारलं, विडी किती वढता? म्या म्हनलं, विडी न्हाय, भट्टी. आता दवाखान्यापायी उमरग्याला लेकीकडं आलेय. माझ्या जागी सून बसतीय. दीपालीला दिवस गेलेत. तिला तरी त्या धुरातनं उठवा."

आपण काय बोलणार, असं अण्णांना वाटे. जन्म वाचनालयात गेलेला. चारचौघांत आवाज फुटत नसे.

आज मात्र ते भूमच्या बाजारामागच्या भट्टीवर गेले. मुकादम बिभीषण बाकावरून उठला.

"अण्णा? वाट चुकलाव जनू! हितं पुस्तकं न्हाईत बरं."

आत ओल्या बाभळीचा धूर कोंदला होता. जुन्या मालकांचा हार घातलेला फोटो काळा पडला होता. दीपाली पोट सावरत कढईत उलथनं फिरवत होती. खोकला आला, की थांबे.

"हिला कितवा महिना?"

"सातवा. पर चपळ हाय पोरगी."

"धूर पोटातल्या बाळालाही बाधतो, बिभीषण. मी वाचलंय."

"वाचलं असंल की! लाकडावरच्या खव्याला चव असती, अण्णा. आन् म्या हुकमाचा ताबेदार. मालकानं तोंड उघडावं, आत्ता पाणी वततो."

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "दीपाली, ऊठ पोरी."

"एवढी कढई हू द्या, अण्णा."

"नाही. ऊठ."

तिच्या पाटावर ते स्वतः बसले. उलथनं फिरवू लागले. डोळे वाहू लागले. दहा मिनिटांत छाती आवळून आली, श्वास पुरेना.

बिभीषण हसला. "झालं का वाचून?"

अण्णा उठले. त्यांनी कढई उतरवायला लावली आणि पाण्याची बादली जळत्या लाकडांवर उपडी केली. बिभीषणनं अडवलं नाही.

पोस्टातल्या बाकावर बसून त्यांनी उत्तर लिहिलं. एकही खाडाखोड झाली नाही.

"गजराबाई, उशिराबद्दल माफ करा. लाकडाची भट्टी आज विझली. गॅसची येईपर्यंत दीपालीसकट सगळ्यांची हजेरी लागेल, मजुरी बुडणार नाही. हे चार महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं. सांगणारा मी एकटाच होतो."

खाली नाव लिहिलं. फोटोतले थोरले भाऊ गेल्यापासून नावापुढं कधीच न लिहिलेला शब्द आज लिहिला, भट्टीमालक, आणि पाकीट पेटीत टाकलं.