जुनी ओळख

हेरंबराव वारले, पण त्यांचं मन स्मृतिकेंद्राच्या सर्व्हरवर जपलेलं होतं. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई रोज आवाजाने ओळख पटवून त्यांच्याशी गप्पा मारत. सर्व्हरची नवी आवृत्ती आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'ही ओळखपद्धत आता चालत नाही.'

त्या तडक केंद्रात गेल्या. "अहो, माझा आवाज तोच आहे!"

"आजी, नव्या सर्व्हरवर जुनी पद्धत चालू ठेवता येते," अभियंता ऋजुता म्हणाली, "पण त्याला आजोबांची संमती लागते."

"मग विचारा की त्यांना."

ऋजुताने नजर खाली वळवली. "विचारलं होतं. ते नको म्हणाले."



"मी तर त्यांना जाऊ द्यायला तयार होते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मला जपून ठेव म्हणून तेच रडले होते."