आई कशी पडली

आई जिन्यावरून पडली हे थोरल्याला कळलं गॅरेजमध्ये, मेकॅनिकच्या फोनवर. याची बस ब्रेकच्या कामाला उभी होती आणि चार जण फोनमध्ये डोकं घालून खदाखदा हसत होते. यानंही वाकून बघितलं. जिना आपला. बादली आपली. म्हातारीही आपलीच! चौथ्या पायरीवर पाय सटकला, आई बुडावर धडधडत खाली, बादली तिच्याही पुढं. आणि खाली बसल्या बसल्या तोंड वर करून म्हणते, "हजारदा सांगितलं, चप्पल चांगली आण!" त्याखाली न घसरणाऱ्या चपलांच्या दुकानाचं नाव.

"नऊ लाख लोकांनी बघितलंय," मेकॅनिक म्हणाला. "काय पडलीय म्हातारी, एक नंबर!"

थोरल्याचं डोकं फिरलं. बस चालवणारा माणूस, पडलेली माणसं त्यानं कमी बघितली नव्हती. पडलेलं माणूस आधी "आई गं" म्हणतं. चपलेचं मागनं. शिवाय आई जिन्यावर यायच्या आधीपासून कॅमेरा चालू होता. कॅमेऱ्याला काय स्वप्न पडलं होतं?

आई राहायची धाकट्याकडे, आणि धाकट्याचा धंदाच असल्या जाहिरातींचा. दुकानदाराला व्हिडिओ करून द्यायचा. लोकांनी तो एकमेकांना पाठवला तर पुढचं काम, नाहीतर बसा माश्या मारत. सहा महिने तो माश्याच मारत होता. पोटासाठी माणूस काय वाट्टेल ते करतो. पण सख्ख्या आईला पाडेल?

दुपारी थोरला धाकट्याच्या घरी थडकला. आई खाटेवर, कोपराला पट्टी. धाकटा तिचे पाय चेपत बसलेला. जन्मात कधी चेपले नव्हते! दादाला बघून त्यानं मान खाली घातली. थोरल्याचा संशय आणखी बळावला.

"जिन्यावर साबणाचं पाणी कुणी ओतलं?"

"मी," धाकटा म्हणाला. "एक बाई ठरवली होती पडायला. ती ऐन वेळी आलीच नाही. मी वर तिला फोन लावत बसलो, आणि इकडं आई..."

"आणि कॅमेरा?"

"तो बंद करून गेलो होतो, दादा. चालू कसा झाला, देवाशपथ माहीत नाही."

"हो ना! भूत आलं आणि बटण दाबून गेलं."

"मी व्हिडिओ टाकणारच नव्हतो. आईनंच हट्ट धरला. पडलेच आहे तर वाया कशाला घालवतोस, म्हणाली."

"आता आईवर ढकल. लाज वाटते का रे?"

थोरल्यानं पिशवी घेतली आणि कपाटातल्या आईच्या साड्या तिच्यात कोंबायला लागला. "आजपासून आई माझ्याकडे. तू आमच्या दारात पाय ठेवायचा नाहीस."

धाकटा भांडला नाही. एरवी शब्दानं शब्द वाढवणारा गडी! "घेऊन जा, दादा," एवढंच म्हणाला. "तिला सांभाळायची माझी लायकी नाही." आणि डोळे पुसत रिक्षा बघायला गेला.

दार लागलं तशी आई टुणकन उठली आणि पिशवीतल्या साड्या काढून परत कपाटात ठेवायला लागली.

"आई, घाबरू नकोस. खरं सांग. ढकललं का त्यानं?"

"तो ढकलतोय! मागच्या महिन्यात मी म्हटलं, मी पडते की, मला घे. तर घर डोक्यावर घेतलं. आईला पाडून धंदा करणार नाही, त्यापेक्षा कॅमेरा विकून टाकतो म्हणे." आईनं साडीची घडी नीट केली. "ती बाई दोन दिवस इथं गादीवर तालीम करत होती. मी भाजी निवडता निवडता बघायचे. वेडी हातावर पडायची. बुडावर पडायचं असतं. माझं कोपर तेवढं चुकलं."

रिकामी पिशवी थोरल्याच्या हातात लोंबकळत राहिली.

"म्हणजे... कॅमेरा तू चालू केलास?" तो ओरडलाच.

आईनं झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"हळू की, मेल्या! त्याला वाटतंय मी खरंच पडले."