घोटभर पाणी

सुनेनं हौसेनं घराचं रूप पालटून टाकलं. ओट्याखाली सरकते कप्पे आले, वॉशिंग मशीनला गॅलरीत हक्काची जागा मिळाली आणि बाथरूम तर असं झालं की येईल तो म्हणायचा, "अगदी हॉटेलसारखं!" सासूबाईही कौतुकानं मान डोलवायच्या.

एका दुपारी सून कामावरून आली, तर सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या. "आई! अहो आई!" कितीही हलवलं तरी डोळे उघडेनात. ओठ सुकून पांढरे पडले होते. तिनं घाईघाईनं नवऱ्याला फोन लावला.

दवाखान्यात सलाईन लावल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरातलं पाणी पार कमी झालंय. बरेच दिवस पाणी पीतच नसाव्यात."

सासूबाईंनी डोळे उघडले, तशी सून रडवेली होऊन म्हणाली, "असं का केलंत, आई? तहान लागत नव्हती का?"

"लागायची गं," त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"पण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि त्या नव्या गुळगुळीत फरशीवर पाय टाकायचा म्हटलं की जीव जातो माझा."