चेकनटवरची रेघ

वहिनीने गाडी गॅरेजच्या दारात आणून बंद केली, तरी मागचा काळा धूर बराच वेळ विरला नाही. समोरच्या शिंप्याने खोकत खोकत खिडकी लावून घेतली.

"भावजी, धूर तपासणीत दोनदा नापास झाली," ती उतरता उतरता म्हणाली. "उद्या तिसऱ्यांदा झाली की थेट भंगारात. ह्यांचं म्हणून आता एवढंच उरलंय माझ्याकडे. काहीतरी करा."

मिस्त्री गाडीच्या पुढच्या बाजूला गेला. दादाला जाऊन तीन महिने झाले होते. आणि त्याच्याशी शेवटचं बोलून नऊ वर्षं.

त्याने बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढून पाहिला, तर कोरा करकरीत. नोझलही गेल्याच महिन्यात बदलले होते, वहिनी म्हणाली. मग राहिलं काय? डिझेल पंप. आता तर आंधळ्यालाही दोष कळला असता, आणि ह्याला तर तो नऊ वर्षांपूर्वीच कळला होता!

पंपाच्या पाठीवर डिझेल कमीजास्त करायचा स्क्रू होता. त्याला जागेवर आवळून धरणाऱ्या चेकनटवरून स्क्रूच्या टोकापर्यंत नेलपेंटची लाल रेघ गेली होती. ही मिस्त्रीचीच पद्धत. पंप लावून झाला की रेघ ओढून ठेवायची. मागून कुणी पाना लावला की रेघ तुटते आणि लबाडी उघडी पडते. ह्या रेघेचं नेलपेंट तर वहिनीच्याच बाटलीतलं होतं.

"ही तुटलेली दिसली तर माझ्या दारात उभं राहायचं नाही हं, दादा," तेव्हा तो हसत हसत म्हणाला होता.

चढावर गाडी ओढत नाही, एवढीच दादाची तक्रार होती. ह्याने डिझेल वाढवायला स्क्रू आत घेतला, जरा जास्तच घेतला. आठ दिवसांनी दादा धूर सोडत परत आला. म्हणाला, "अरे, तुझा हात थोडा जड पडला बघ." दारात चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर हा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! आधी गाडी चालवायला शिक." दादाने किल्ली उचलली आणि गेला. पाच मिनिटांचं काम होतं हो. पण गिऱ्हाईकांसमोर मान खाली कशी घालायची?

रेघ अजून सलग होती. कुठे चरासुद्धा नव्हता.

"दुसऱ्या कुणाला पंप दाखवला नाही?" त्याने वर न बघता विचारलं.

"तीन जणांनी सांगितलं, स्क्रू थोडा बाहेर काढला की झालं. ह्यांनी प्रत्येक वेळी पंपावर हात ठेवला. म्हणायचे, सगळं उघडा, एवढ्याला पाना लावू नका. रेघ तुटली तर धाकटा मला दारात उभं करायचा नाही."

मिस्त्रीने पाना नटावर बसवला. फिरवला आणि रेघ त्यानेच तोडली.

वहिनीला इंजिन सुरू करायला सांगून त्याने स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला, तसं इंजिन मंदावलं, आता बंद पडतंय असं वाटलं. त्याने शेजारच्या, वेग ठरवणाऱ्या स्क्रूने ते पुन्हा ठिकाणावर आणलं. वहिनीला गाडी रेस करायला सांगितली. धूर राखाडी झाला. आणखी थोडा काढला. मग मागच्या धुराच्या नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरून तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "अजून एकदा दाबा."

फडकं पांढरंच राहिलं.

"वहिनी," तो तसाच बसून म्हणाला, "चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं."

"ह्यांनाही ठाऊक होतं ते." तिने इंजिन बंद केलं. "राग नव्हता हो त्यांचा. दर शनिवारी वाट वाकडी करून ह्या रस्त्याने यायचे. तुमचं दार आलं की मुद्दाम वरच्या गियरमध्ये टाकून पाय दाबायचे. म्हणायचे, एवढा धूर बघून तरी चिडेल, शिव्या द्यायला का होईना, बाहेर येईल."

शनिवारचा धूर मिस्त्रीने पाहिला होता. एक शनिवार चुकला नव्हता. धूर दिसला की तो उठायचा आणि शटर अर्धं खाली ओढायचा. दादा आपल्याला खिजवतोय, असं त्याने नऊ वर्षं धरलं होतं.

"शटर..." तो म्हणाला.

"दिसायचं त्यांना," वहिनी म्हणाली. "म्हणायचे, म्हणजे आहे दुकानात. तब्येत बरी आहे."

तिने गाडी सुरू केली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मागे रस्ता लख्ख मोकळा राहिला.

समोर शिंप्याने खिडकी उघडली. "बरं केलंत मिस्त्री! दर शनिवारी जीव खायची ती गाडी. सुटलो बाबा एकदाचे."

मिस्त्रीने पांढरं फडकं तोंडावर दाबून धरलं.