बुडाशी कुरतडलेली काठी

कापसाची तेजी ओसरली, अकोल्याच्या साहेबाचं सामान विकायला निघालं. मेजावरच्या बिलियर्डच्या गोट्या ढकलायची त्याची लांब काठी खानसाम्यानं अमरावतीला भगवंत सुताराकडे आणली. ती कुठली, किती जुनी अन् काय मोलाची, हे चार दिवसांत सांगायचं होतं.

भगवंतानं ती पाटावर लोळवली. "लंगडते जराशी. यंत्राची नाही, हातानं रंधा मारलेली हाये. चाळीस वर्सं सहज झाली." मग त्यानं ती बायकोच्या हाती दिली. "वच्छले, बुडाशी उंदरानं कुरतडलं काय, पाह्य बरं. मोल उतरते."

वच्छलानं बोट फिरवलं. उंदीर नव्हता. खालच्या दोन इवल्या दातांच्या खुणा होत्या. गेल्या पोळ्याला पटकीत गेलेल्या तिच्या लेकराला तेवढेच दात आले होते. तिला रडू आलं नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुणा चार झाल्या, तिसऱ्या दिवशी सहा. भगवंतानं एकदा पाहिलं अन् दुसऱ्या कामाला लागला.

चौथ्या दिवशी खानसामा दारात उभा राहिला. "काय ठरलं, मिस्त्री?"

वच्छला म्हणाली, "आठ दिस थांबा, भाऊ. आता दाढा येऊन राहिल्या."

तिनं मांडीवरच्या काठीचं बूड पदरानं टिपलं. पदर ओला झाला.