दुसरी बाजू

"अहो, ही चकती पंपाच्या पोटात बसणार. तिची दुसरी बाजू तिथं कोण बघणार आहे?" कडेवरच्या लेकीला थोपटत बायकोनं विचारलं.

"आपण बघतोय की!" सर्जेरावनं हसत पंपाच्या ऑर्डरसाठी केलेल्या त्या नमुन्याची दुसरी बाजूही पॉलिशच्या चाकाला लावली. लेथवरून उतरलेल्या कामावर बारीक रेघा राहतात. तसा माल देणं त्याला उष्टं वाढल्यासारखं वाटे. घासून झाल्यावर त्यानं चकती लेकीपुढं धरली. त्यात स्वतःचं तोंड बघून ती खुदकन हसली.

दरात मात्र तो सगळा वेळ धरावा लागला, आणि याच ऑर्डरवर त्यांची शेड तगणार होती.

पंपवाले साहेब आले. चकती हातात फिरवून म्हणाले, "सुरेख! पण मी काय दागिना मागितला होता? एकच बाजू गुळगुळीत हवी होती. समोरच्या शेडवाल्यानं दुसरीवर रेघा तशाच ठेवल्या, म्हणून निम्म्या दरात बसलं."

"मग मीपण तसंच देतो की, साहेब."

"उशीर झाला हो. वर्षाचं काम त्याला देऊन आलो."

लेथ विकावा लागला. आता सर्जेराव समोरच्याच शेडमध्ये त्याच चकत्या कातायला जातो, रेघांसकट.

काल तो घरी आला तेव्हा लेक जुन्या नमुन्याशी खेळत होती. त्यात आपला चेहरा दिसताच त्यानं चकती पालथी घातली. दुसरी बाजूही तितकीच लख्ख होती.

बायकोनं चकतीवर लेकीचं दुपटं टाकलं.